टायटलमधला बर्फ

मित्रांनो, मी लाकडाचा एक जुना देखावा आहे. एक अख्खे गाव माझ्यात आहे, पण राहत कुणीच नाही. लांबीला मी जेवणाच्या मोठ्या टेबलाएवढा. घरे लाकडी पट्ट्यांची, टेकड्या कागदाच्या लगद्याच्या आणि तळे निळ्या काचेचे. संध्याकाळच्या बातम्यांआधी पडद्यावर जे चित्र येते, त्याला टायटल म्हणतात. एके काळी ते चित्र मी होतो. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. तरी थोडक्यात सांगतो.

माझा जन्म अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या हॅल्वर तळ्याकाठचा. तिथे एक लहानसे दूरदर्शन केंद्र होते. माझ्याआधी त्यांच्या टायटलात नुसत्या पुठ्ठ्याच्या पाट्या असत. एकीवर केंद्राचे नाव, दुसरीवर ‘सहाच्या बातम्या’. मधेच एक हात येई आणि पुढची पाटी ओढून नेई. हा हात केंद्राचा रंगारी ऑर्विल ट्वेट याचा. बाजारात बायका त्याला विचारू लागल्या, “काय हो ऑर्विल, काल नखं कापली नव्हतीत वाटतं?” तो मुळातच लाजाळू माणूस. हात दिसू नये एवढ्यासाठीच त्याने मला करायला घेतले.

त्या हिवाळ्यात मी त्याच्या गॅरेजात वाढलो. त्याची बायको लोर्ना दारात उभी राहून ओरडे, “गाडी बाहेर गोठतेय आणि तुझं गाव आत ऊब खातंय!” ऑर्विल मान खाली घालून चर्चच्या खिडक्या रंगवत राही.

पुढे रोज संध्याकाळी कॅमेरा माझ्या तळ्यावरून सरकत येई, धान्याच्या उंच कोठाराला वळसा घाली आणि पाण्याच्या टाकीपाशी थांबे. हे सारे थेट त्या क्षणी घडत असे, आधी टेप केलेले नसे. माणसे उभी असत, दिवे पेटलेले असत, आणि मी भाजत असे. गाव मला बारकाईने पाही. एकदा एका बाईंचा फोन आला. “आमच्या चर्चचं शिखर डावीकडे कललंय!”

“कललेलंच आहे,” ऑर्विल हळूच म्हणाला. “जाऊन बघा.”

गावात जे बदले ते माझ्यात बदलायचे, हा त्याचा नेम. त्यातही त्याचा सर्वांत जास्त जीव तळ्यात. तिकडची माणसे हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर लाकडी खोपट्या नेऊन ठेवतात आणि आत बसून बर्फाला पाडलेल्या भोकातून मासे धरतात. पिकअप गाडीसुद्धा बर्फावरून नेतात. म्हणून ऑर्विलने तळ्यासाठी दोन पत्रे कापले. बर्फ जाड असला की पांढरा, विरू लागला की राखाडी. पाणी मोकळे झाले की नुसती काच. तळ्याकाठी आर्डिस नायगार्ड गळाला लावायचे जिवंत मासे विकायची. बातम्यांच्या आधी तो तिला फोन करी.

“आर्डिस, कसं आहे?”

“दिवस भरलेल्या बाईसारखं. आज की उद्या, सांगता येत नाही.”

“म्हणजे राखाडी?”

“राखाडीच घाल. आणि खुर्ची सोडून कधी इकडेही ये. मासे तुझं तोंड विसरले.”

हवामान सांगणारा माणूस बातम्यांच्या शेवटी येई. तोवर कोण थांबतो? टायटलात राखाडी दिसले की लोक जेवण अर्धे टाकून खोपट्या ओढून आणायला निघत.

वर्षे गेली. मोठ्या शहरांच्या टायटलांत चकचकीत पोलादी अक्षरे उडू लागली, त्यांच्यामागे ढोल वाजू लागले. आमच्याकडे कर्टिस आमडाल नावाचा नवा व्यवस्थापक आला. माणूस वाईट नव्हता. केंद्र जुनाट दिसते म्हणून लोक दुसरीकडे वळतील, याची त्याला धास्ती होती. जानेवारीतल्या एका दिवशी त्याने मला अंघोळ घातल्यासारखे उजेडात न्हाऊ घातले, एकदाच टेप केले आणि माझ्यावर पोलादी अक्षरे उडवली. मग मला तळघरात ठेवले. खोटे कशाला बोलू, मला बरेच वाटले. मी थकलो होतो. ऑर्विलचे गुडघेही थकले होते.

मार्च आला. तळघरातल्या एका पडद्यावर मी रोज सहाला स्वतःला पाहत होतो. पांढराशुभ्र. ऑर्विल एकदा कर्टिसकडे गेला. दार उघडेच होते, म्हणून बोलणे खाली ऐकू आले.

“कर्टिस, आर्डिस म्हणते बर्फ विरायला लागलाय. राखाडी पत्रा घालून परत टेप करू या.”

“ऑर्विल, अरे शोभेची गोष्ट आहे ती. ऋतू बदलला की दर वेळी टेप करत बसू?”

“लोक बघतात.”

“लोक अक्षरं बघतात, दादा!”

ऑर्विलला दुसऱ्यांदा आग्रह करता येत नसे. तो खाली आला, पांढऱ्या पत्र्यावर हात ठेवून उभा राहिला. “इथं तळघरात हा उचलून काय उपयोग?” असे म्हणाला आणि गेला.

त्याच आठवड्यात आयनार स्लेटन नावाचा म्हातारा आपली खोपटी आणायला पिकअप घेऊन तळ्यावर गेला. तो पलीकडच्या काठी एकटा राही. आर्डिसचे दुकान त्याच्या वाटेत नव्हते. रोजचे टायटल हीच त्याची वाट विचारायची जागा, आणि तिथे अजून पांढरे होते. काठापासून थोड्या अंतरावर बर्फ तडकला. गाडी बुडाली. आयनारला शेजाऱ्यांनी शिडी सरकवून, दोर टाकून बाहेर ओढले. वाचला, पण खोकला कायमचा जडला.

बरा झाल्यावर तो केंद्रात आला. मला तळघरातून हलवायचे चालले होते, म्हणून मी दाराशीच होतो. कर्टिस घाबरून भरपाईचे बोलू लागला. म्हाताऱ्याने हात हलवून त्याला गप्प केले.

“ते राहू दे. मला एवढंच सांग, त्या संध्याकाळी बर्फावर कोण होतं?”

“कोण म्हणजे?”

“पत्रा बदलणारा. आजारी होता का? की पिऊन पडला होता?”

“आयनार, ती टेप होती. जानेवारीतली.”

म्हातारा माझ्याकडे वळला. “म्हणजे तिथं कुणीच नव्हतं,” तो म्हणाला. “आणि मी रोज त्याला गुड इव्हिनिंग म्हणत होतो.”

तो गेला. ऑर्विल भिंतीशी उभा राहून हे ऐकत होता. उन्हाळ्याच्या आत त्याने नोकरी सोडली.

त्यानंतर टायटलात पृथ्वीचा फिरता गोल आला, मग काचेच्या निळ्या पट्ट्या आल्या, बोधचिन्हे बदलली. आता जे तळे दिसते, ते दूरच्या एका कंपनीने कुठल्याही गावासाठी काढलेले आहे. त्यावर बाराही महिने शिडाच्या होड्या असतात. ते पाहून कुणी बुडणार नाही, हे खरे. ते पाहून कुणी जेवण टाकून उठणारही नाही.

मी आता जिल्ह्याच्या संग्रहालयात काचेखाली आहे. शाळेची मुले येतात, “किती छान बर्फ!” म्हणतात आणि पुढे जातात. मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण बाहेर जुलै आहे, मुले तळ्यावर पोहून ओल्या केसांनी आत येतात, आणि माझा पांढरा पत्रा अजून कुणी उचललेला नाही. तुमच्यापैकी कुणी इकडे आलेच, तर दाराशी बसलेल्या बाईंना तेवढे सांगा.