पहिलं उत्तर

आमचं विद्यापीठ म्हणजे परतवाड्याच्या अलीकडे, तुरीच्या वावरांत उभ्या असलेल्या तीन इमारती. मूळचं हे अध्यापक विद्यालय. फाटकावरची पाटी बदलली, काम तेच राहिलं. आवारातच चौथीपर्यंतची शाळा आहे. शिकाऊ शिक्षकांनी तिथे सराव पाठ घ्यायचे आणि मी मागच्या बाकावर वही घेऊन बसायचं, गुण द्यायचे. एकवीस वर्षं हेच करतोय.

सराव पाठाची एक रीत मीच पाडली. मुलांनी पटापट बरोबर उत्तरं दिली, तर शिकाऊ शिक्षक चूक सुधारणार कशी? म्हणून मुलांना सांगून ठेवायचं: मागे कुणी वही घेऊन बसलं की पहिलं उत्तर चुकवा, समजावून सांगितलं की दुसऱ्यांदा बरोबर द्या. पाठ काय झकास रंगायचा! मला या अकलेचा भारी अभिमान होता. मूर्खाला अभिमानासाठी फार काही लागत नाही.

यंदा पट एकोणीसवर आला. वरून पत्र आलं, की मुलांची तपासणी होणार, निम्म्याहून जास्त उत्तीर्ण झाली तरच शाळा राहील. शिक्षिका दीपमालाबाईंनी दोन महिने जीव ओतला. गाद्या भरणारे अब्दुल सत्तार मला मुद्दाम भेटायला आले. त्यांची अफिफा तिसरीत होती.

"शाळा इथं हाये म्हनून पोरगी शिकून राहिली, सर. परतवाड्याले जीपमंदी मी तिले एकटी नाही धाडत."

"काळजी करू नका, तिला सगळं येतं," मी म्हणालो. खरंच येत होतं.

तपासणीला आलेले साहेब नेमके मागच्या बाकावर, माझ्या शेजारी बसले, वही उघडून.

"बेचाळीसातून सतरा गेले?"

अफिफा उठली, माझ्याकडे बघून हसली. "पस्तीस."

ती तशीच उभी राहिली, आता कुणीतरी समजावेल म्हणून. साहेब म्हणाले, "पुढचा."

पुढचाही चुकला. त्याच्या पुढचीही.

"साहेब, पुन्हा विचारा, येतं त्यांना!" दीपमालाबाई रडकुंडीला आल्या.

"पहिलंच उत्तर नोंदवायचं असतं, बाई."

मी उठून सगळी रीत सांगून टाकली. साहेबांनी पेन थांबवलं. "म्हणजे तुम्ही मुलांना चुकायला शिकवलंत?" एवढं विचारून त्यांनी तेही लिहून घेतलं.

एकोणिसांतली चौघंच उत्तीर्ण झाली. चौघंही पहिलीतली. त्यांना ही रीत शिकवायची राहून गेली होती.

साहेबांची गाडी गेल्यावर अफिफा धावत आली. "सर, पंचवीस! मले येत होतं. पन त्या साहेबानं समजावूनच नाही सांगतलं." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

शाळा बंद झाल्याचं पत्र आलं, तेव्हा मी स्वतः अब्दुल सत्तारांच्या दुकानी गेलो. निदान तेवढी तरी लाज शिल्लक होती. काहीही न लपवता सांगितलं. ते गादीला टाके घालत ऐकत होते.

"मंग तुमाले काय झालं, सर?"

"मला काही नाही. विद्यापीठ चालूच आहे."

त्यांनी सुई गादीत खोचून ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"मंजे चूक तुमची," ते म्हणाले, "अन् घरी बसन माही पोरगी."