ब्रेकवरचं इंजिन

सांगलीत अण्णाप्पा चौगुल्यांच्या गॅरेजात चालत्या इंजिनाला ब्रेक लावून त्याची ताकद मोजायचा डायनामोमीटर होता. चौऱ्याहत्तर साली आष्ट्याच्या लालासाहेबानं पाचगणीच्या घाटातल्या शर्यतीसाठी मोटारीच्या इंजिनाचे सिलिंडर मोठे करून घेतले आणि ते मोजायला आणलं. गावभर त्यानं सत्तर हॉर्सपॉवरची फुशारकी मारली होती. काटा पन्नाशीपुढं सरकेना.

"तुजं यंतर खोटं हाय!" तो ओरडला. "अजून रेस दे."

"आतला दांडा तुटंल, मालक. आवाज ऐका की," म्हणत अण्णाप्पा इंजिन बंद करायला वाकला.

लालासाहेबानं पाना उचलून त्याच्या डोक्यात घातला. अण्णाप्पाची बायको त्रिशला धावत आली, तर तिलाही त्यानं भिंतीवर ढकललं आणि स्वतःच रेस पूर्ण ओढली.

इंजिन किंचाळलं. दांडा तुटून लोखंड फोडत बाहेर आला आणि लालासाहेबाच्या गुडघ्यात घुसला. तो कोसळला. रक्ताची चिळकांडी तापल्या इंजिनावर उडाली.

डोळ्यांवरचं रक्त पुसत अण्णाप्पा त्याच्यापाशी सरकला आणि आपला पट्टा काढून त्याच्या मांडीला आवळू लागला.

"मरू दे त्याला! तुमचं डोस्कं फोडलंय त्यानं," त्रिशला म्हणाली.

"माज्या हातात जोर न्हाई. तू वढ."

ती थुंकली. मग गुडघे टेकून तिनं दोन्ही हातांनी पट्टा ओढला. लालासाहेब गुरासारखा ओरडला.

मिरजेत त्याचा पाय कापावा लागला, पण तो जगला. पुढं त्याचा भाऊ नाथाजी फुटकं इंजिन न्यायला आला, तेव्हा त्रिशलानं त्याला दारातच अडवलं. "आदी ह्यांच्या डोक्याचे टाके बगा," ती म्हणाली, "मग उचला."