तीनशे तीन जिवंत माणसं

दुपारचा दीड वाजला होता आणि लुंबिनीने बसल्या बसल्या तीनशे तीन माणसं मारून टाकली होती.

किल्लारीच्या वाचनालयात भूकंपाच्या आठवणी टाइप करायचं काम तिने वर्षभर केलं. माणसागणिक एक, अशा तीनशे बारा फायली. तीन वाजता समारंभ. आपल्या फोटोला बोट लावलं की पडद्यावर ज्याची त्याची आठवण उघडणार. शेवटचं एकदा बघावं म्हणून तिने एक फाइल उघडली, तर वरच लिहिलेलं, ‘नाव: कै. मल्लिनाथ’. आणि मल्लिनाथअण्णा तर बाहेर सतरंजी अंथरत होते! दुसरी उघडली, तिथेही कै. तिसरीतही तेच. लुंबिनीच्या तोंडचं पाणी पळालं.

घोळ पहिल्या फाइलीचा होता. ती ग्यानोबांची. आठवण सांगून महिन्याभरात ते वारले, म्हणून ग्रंथपाल वैजनाथकाकांनी नावाआधी कै. लावायला सांगितलं. पुढच्या सगळ्या फायली लुंबिनीने त्याच फाइलीची नक्कल करून बनवल्या. तिच्या मुदखेडच्या घरी गेलेल्या माणसाला कालकथित लिहितात. कै. लिहायची सवयच नाही, त्यामुळे ते तिच्या डोळ्याला कधी खुपलंच नाही.

बाकीचे हसून सोडून देतील, पण तारामतीआजी? त्यांना ढिगाऱ्यातून तिसऱ्या दिवशी जिवंत काढलं, तोवर छावणीतल्या फळ्यावर त्यांचं नाव मेलेल्यांत लागलं होतं. तीस वर्षं उलटली तरी ते दुःख गेलं नव्हतं. आणि आज भर समारंभात लुंबिनी त्यांना पुन्हा मारणार होती.

तिने हैदराबादला भावाला, सुगतला, फोन लावला.

“रडून काय राहिलीस? कमांडची काळी खिडकी उघड, एक ओळ देतो. मिनिटाचं काम हाय.”

खिडकी पासवर्ड मागू लागली. पासवर्ड ज्यांना ठाऊक ते वाचनालयाचे संगणक बघणारे सर तुळजापूरला, फोन बंद.

“मग ऱ्हाऊ दे. तू ज्यात टाइप करतीस त्या एडिटरात ‘फायलींमध्ये शोधा आणि बदला’ हाय का बघ. पण आधी सगळं फोल्डर कॉपी कर!”

होतं की! वर्षभर नाकासमोर होतं. तिने आधी फोल्डर कॉपी केलं.

“टाका पुसून सगळे कै.,” मागून वैजनाथकाका म्हणाले.

लुंबिनीचं बोट बटणावर गेलंही होतं. अति घाई संकटात नेई, हे घाटात उगाच लिहीत नाहीत. तिला आजींची आठवण आठवली. त्यात मधेच होतं, ‘फळ्यावर लिवलं हुतं, कै. तारामती.’ ते पुसलं तर आजींची गोष्टच पुसली जाणार. मग तिने शोधायला नुसतं कै. न देता ‘नाव: कै.’ एवढं दिलं आणि त्याच्या जागी नुसतं ‘नाव:’.

“आन् जे खरंच गेलेत ते?” काकांनी डोकं खाजवलं. त्यांना गावचं मरण न् मरण पाठ. त्यांनी बोटांवर मोजत नऊ नावं सांगितली, तिने त्या नऊ फायली ओढून वेगळ्या फोल्डरात ठेवल्या.

मग डोळे मिटून बटण दाबलं. उघडले तर पडद्यावर आकडा होता: ३०३ बदल.

“बरोब्बर!” काका ओरडले. लुंबिनीचा जीव भांड्यात पडला. नऊ फायली परत जागेवर ठेवताना तिला हसू येत होतं आणि रडूही.

तीन वाजता तारामतीआजी आल्या. फोटोला बोट लावलं, अक्षरं जोडत वाचलं, “नाव: तारामती.” समाधानाने मान हलवली. बोट खाली सरकत गेलं आणि ‘कै. तारामती’वर थांबलं. लुंबिनी पुढे झाली.

“आजी, ते तुम्ही सांगितलेलं… म्हणून ठेवलं. काढू का?”

“ऱ्हाऊ दे की गं,” आजी म्हणाल्या. “ते त्यांनी लिवलेलं. वर बघ ना, मी हाय.”