पलंगाजवळची वाळू

धाकट्या दिराला इंजिनिअरिंगला जे काही शिकवत, ते संध्याकाळपर्यंत नदीला जाऊन मिळायचं. तारेतली वीज असो की पुलाच्या खांबावरचा भार, जेवताना त्याचं सुरूच, "वहिनी, हे अगदी आपल्या नदीसारखं." नदी घरामागच्या मातीच्या बांधापलीकडे होती. वरच्या धरणाचे दरवाजे उघडल्यापासून ती बांधाच्या खांद्याला लागली होती, आणि वहिनीचा जीव टांगणीला.

"आज काय, ताप आलाय का तुझ्या नदीला?" नवऱ्याने भावाला डिवचलं.

"हस तू, दादा. आज काचेच्या पेटीत वाळू भरून मधे फळी अर्ध्यापर्यंत रोवली. एका बाजूला पाणी चढवत नेलं, तर दुसऱ्या बाजूची वाळू उकळायला लागली. खदखदा! बोट घातलं तर गार."

"पुरे करा भावजी. पोरगी जेवतेय."

वहिनीच्या डोक्याला आधीच एक भुणभुण होती. पोरीच्या खोलीत रोज वाळू सापडायची. पलंगाजवळच, मऊ, ओलसर, कुणीतरी धुऊन ठेवल्यासारखी. मैदानातून खिशात भरून आणते कार्टी, असं धरून ती रागावली होती.

"मी नाही आणली," पोरगी म्हणाली होती. "ती आली."

शेवटी हात टेकून तिने खेळायला एक वाटी दिली. उरलेली वाळू झाडून मागच्या बादलीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीर लवकर परतला. पोरगी तिच्या पलंगावर झोपली होती. "बघा तुमच्या पुतणीचे उद्योग," म्हणत तिने बादली दाखवली. बादली काठोकाठ भरत आली होती.

तो हसला नाही. "ही सगळी आतली?"

खोलीच्या दारात तो गुडघ्यांवर बसला, तीही वाकली. पलंगाच्या पायाशी, दोन फरश्यांच्या फटीत, मुंग्यांच्या वारुळाएवढा वाळूचा इवलासा डोंगर उभा होता. सकाळीच तर झाडलं होतं. त्याच्या तोंडाशी कण वर येत होते, खाली बसत होते, पुन्हा वर येत होते.

"बांधाखालून पाणी येतंय," तो कुजबुजला.

"मग बुजवून टाकू ना फट."

"वहिनी, एवढी वाळू वर आली. ती जिथे होती, तिथे आता काय उरलंय?"

त्याने उंबऱ्याजवळची फरशी बोटाने वाजवली. भरीव. हात लांबवून पुढची वाजवली. रिकाम्या डब्यासारखी.

"मी जातो."

"वजन बघा तुमचं. सरका."

ती पोटावर आडवी होऊन सरपटत निघाली. फरशी गार होती, आणि तिच्याखाली काहीतरी हलत होतं. घाई नसलेलं, झोपेत कूस बदलावी तसं. पलंगावर हात न टेकता तिने चादरीचं टोक धरलं आणि पोरीला अलगद अंगावर ओढून घेतलं.

"आई, लपाछपी?"

"हो राणी. आवाज नाही करायचा."

उंबऱ्याशी येताच दिराने दोघींना बाहेर खेचलं आणि तो शेजाऱ्यांची दारं बडवत सुटला, "बाहेर या! बांध खचतोय!"

लेकीला छातीशी धरून ती मुख्य दारापर्यंत पळाली आणि तिथून तिने एकदाच वळून बघितलं. पलंगाचा एक पाय फरशीत हळूच उतरत होता. मग दुसरा. काही मोडलं नाही, काही वाजलं नाही. जणू कुणी पलंगाच्या काठावर येऊन बसलं होतं. लेकीची उशी घसरत कडेला आली, क्षणभर थांबली, आणि गेली.

तिने कान दिला. पडल्याचा आवाज काही आला नाही.