बाभळीच्या शेंगांची बाटली

१९५६च्या जानेवारीत धानोऱ्याच्या गुरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर गुणवंतराव यांच्याकडे नागपूरहून एक काम आलं. बैल रवंथ करतो तेव्हा त्याच्या पोटात मिथेन नावाचा वायू तयार होतो आणि ढेकरांतून निघून जातो. चाऱ्यातली तेवढी ताकद फुकट जाते. कोणत्या चाऱ्यातून किती वायू निघतो, त्याचा अंदाज काढायचा होता.

गुणवंतरावांनी रीत बसवली. बाजारात कापलेल्या बकऱ्याच्या पोटातलं पाणी थर्मासमध्ये आणायचं, चाऱ्यासोबत बाटलीत भरायचं आणि बाटल्या दिवसभर कोमट पाण्यात ठेवायच्या. निघालेला वायू कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून न्यायचा. बाकीचा त्यात विरघळतो, मिथेन तेवढा उरतो. तो खुणा केलेल्या नळीत मोजायचा.

चारा आणून देई सुकरी. गावची गुरं तीच चारायची. एक दिवस धानाच्या तणसासोबत, म्हणजे भाताच्या पेंढ्यासोबत, तिनं उन्हाळ्यात वेचून ठेवलेल्या बाभळीच्या शेंगा आणल्या.

"हे बी मोजा, भाऊ."

"नागपूरच्या यादीत शेंगा नाईत, सुकरीबाई."

"यादी करणाऱ्यानं बैल चारले का कधी? शेंगा खाल्ल्या का माह्या बैलायचं पोट फुगत नाई."

गुणवंतराव हसले, पण त्यांनी दोन बाटल्यांत नुसतं तणीस भरलं आणि दोनांत तेवढ्याच वजनाचं, शेंगा कुटून मिसळलेलं. दुसऱ्या दिवशी तणसाचा वायू चाळीस खुणांपर्यंत आला, शेंगांचा एकोणतीसच.

"तुमच्या शेंगांनी चारा पचूच दिला नसंल," ते म्हणाले. "पचलाच नाई तर वायू कुठून येईल?"

"मंग पचला का नाई ते पाहा ना. चारा बाटलीतच हाय."

गुणवंतराव क्षणभर ओशाळले. हे त्यांना सुचायला हवं होतं. चारही बाटल्यांतला उरलेला चारा त्यांनी गाळला, धुतला, चुलीजवळ वाळवला आणि औषधाच्या तराजूत तोलला. वजनं जवळजवळ सारखी भरली. चारा दोन्हीकडे सारखाच पचला होता, शेंगांच्या बाटल्यांत वायू मात्र कमी झाला होता. त्यांनी आणखी दोनदा करून पाहिलं. पाणी किती कोमट आहे, ते सुकरीच कोपर बुडवून सांगायची. आकडे फारसे हलले नाहीत.

मार्चमध्ये हे काम पाठवणारे नागपूरचे साहेब आले. आकडे वाचून म्हणाले, "बाटली गळत असेल."

"तुमच्या हातानं भरून पाहा, साहेब," गुणवंतरावांनी थर्मास पुढं केला.

साहेबांनी स्वतः बाटल्या भरल्या, बुचांना मेण लावलं. दुसऱ्या दिवशी नळीवरच्या खुणा त्यांनी दोनदा मोजल्या. शेंगांचा वायू कमीच भरला. त्यांनी विचारलं, "शेंगांचं कोणी सुचवलं?"

गुणवंतरावांनी सुकरीला हाक मारली. ती काठी भिंतीला टेकवून आत आली.

"बैलाला किती शेंगा देता, बाई?"

"दोन मुठी. त्याहून जास्त देल्या का शेण घट्ट होते, बैल कुंथत बसते."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "दोन मुठी," ते पुटपुटले आणि लिहू लागले.