टेकू लपवला त्या दिवशी

मालकांना मुलगी झाली, त्याच वर्षी त्यांच्या घरातली जुनी खाट मोडली. तिचा एक पाय तेवढा शाबूत राहिला. तो मी. मित्रांनो, आता मी एक जुना टेकू आहे आणि माझ्या अंगात लाकडापेक्षा राग जास्त आहे. गोडगोड ऐकायचे असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

मालकांचा गाड्या बांधण्याचा कारखाना होता. मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा त्यांनी हौसेने एक गाडी बांधली. तिची दारे बाजूला उघडत नसत, पंखांसारखी वर जात. जाताना छपराचा तुकडाही उचलून नेत. बघणारे तोंडात बोटे घालत.

कारखान्यातले सर्वांत जुने कारागीर म्हणजे मालकांचे सख्खे मामा. त्यांना हे दार पहिल्या दिवसापासून पटले नव्हते.

"अरे भाच्या, बाजूच्या दाराचं ओझं बिजागरी पेलते. हे वर गेलेलं ओझं कुणावर? खाली उभा असेल त्याच्यावर!"

"मामा, गॅसच्या दांड्या आहेत ना धरायला."

"दांड्या थकतात रे. आणि सारखे हात वर करून उभी राहणारी गाडी मी पहिल्यांदाच बघतो. चोरी केलीय का हिनं?"

सगळे हसले. मालकही हसले, आणि तिथेच विषय संपला.

मग एकेक दोष बाहेर पडू लागले. घराच्या गाडीखान्याचे छत बुटके. दार उघडले की वर आपटे, म्हणून गाडी बाहेर उभी. पाऊस आला की दारासोबत छपरही उघडे, बसायच्या जागेवर तळे. मालकीणबाईंचा हात वर गेलेल्या दाराला पोचत नसे. त्या म्हणाल्या, "अहो, उघडायची हौस तुमची आणि लावायला उड्या माझ्या?" मालकांनी दाराला एक पट्टा बांधून दिला. दोष तसाच राहिला, त्याला फक्त शेपूट फुटले.

थंडी पडली आणि दांड्यांतला जोर गेला. दार मामांच्या खांद्यावर आले. त्याच दिवशी मामांनी मला अडगळीतून काढले, मापात कापले, डोक्यावर रबराचा तुकडा ठोकला.

"चल रे लंगड्या, नोकरी लागली तुला."

मला कुणी नाव दिले ते तेवढेच. वर्षभर मामा दाराखाली वाकत आणि मी दार धरून उभा राही. लोक फोटो काढायचे ते दाराचे. मालक तर मला आधी बाजूला करायचे. म्हणे शोभा जाते!

पुढच्या थंडीत गाड्यांचे प्रदर्शन होते. मालकांनी मला फडक्यात गुंडाळून मागच्या डिकीत टाकले. गर्दी जमण्याआधी दाराची कडी अडकली. ती सोडवायला मामा उघड्या दाराखालून आत वाकले. मी सगळे ऐकत होतो.

"भाच्या, लंगड्या कुठंय?"

"मामा, लोक यायला लागले. टेकू लावलेली गाडी कोण घेईल? दोन मिनिटांचं तर काम."

"दार जड आहे, बाबा."

"मी धरतो ना!"

"बरं. सोडू नकोस."

मामा, तुम्ही का ऐकलेत? तेवढ्यात कुणी मोठा पाहुणा आला आणि मालकांनी नमस्काराला हात जोडले. दोन्ही हात, मित्रांनो. दार आधी हळू उतरले, मग एकदम पडले, मामांच्या मानेवर.

मग मात्र मालकांना माझी आठवण झाली. "टेकू आणा, टेकू!" डिकी उघडली, फडके भिरकावले गेले, मला दाराखाली खोचले. मी धरले. मला दुसरे काय येते? चौघांनी मामांना बाहेर काढले. ज्या लोकांसमोर माझी लाज वाटत होती, त्याच लोकांसमोर मी उभा होतो, आणि आता कुणालाही माझी लाज वाटत नव्हती.

मालकांनी ती दारे स्वतः कापून काढली. मला ते रोज पुसतात. नका पुसू म्हणावेसे वाटते.

मित्रांनो, डौलदार वस्तू बघाल तेव्हा तिला कोण धरून उभे आहे ते आधी बघा. टेकू लागत असेल तर चारचौघांत लावा. आणि जुना कारागीर 'जड आहे' म्हणाला, तर हातातले सगळे सोडून ऐका.

मामा प्रदर्शनानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी, दवाखान्यात वारले. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती.