खळ्यावरची खुंटी

एक्क्याण्णव सालच्या माघात ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात रेल्वेच्या सर्व्हेची माणसं आली. नवी लाइन जमिनीवरून न्यायची की जमिनीखालून, एवढंच ठरायचं होतं. पण त्यांनी लाल खुंटी ठोकली ती नेमकी सगुणाच्या मासळी सुकवायच्या खळ्याच्या मधोमध. लाइन वरून गेली तर खळं गेलं, आणि मग जवळा काय माजघरात वाळत घालायचा? सगुणा साहजिकच खालच्या लाइनच्या बाजूची.

सर्व्हेचे साहेब दौलतराव साताऱ्याकडचे. घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या विहिरी खणलेल्या, त्यामुळे जमिनीखालचं आपल्याला कळतं असा त्यांचा पक्का समज. अष्टमीला त्यांनी खळ्याच्या खाडीकडच्या कडेला दोन पुरुष खोल खड्डा घेतला. तळ कोरडा निघाला. साहेब खूश, सगुणा त्याहून खूश. लाइन खालूनच, उद्या तसा रिपोर्ट देतो, असं ते म्हणाले तेव्हा तिने त्यांना चहा दिला आणि वर बिस्किटंही दिली.

पण कप विसळताना तिला टोचणी लागली. साहेबांच्या विहिरीला तिथी ठाऊक नसते, खाडीला असते. अष्टमीला भांग, म्हणजे भरती मरतुकडी, पुनवेला उधाण. गप्प बसलं की खळं वाचत होतं. पण त्या भुयारातून लोकांची लेकरंबाळं जाणार, हे काही तिच्या गळी उतरेना.

"साहेब, आज भांगाचं पानी हाय," ती शेवटी म्हणाली. "पुनवेला या, मंग लिवा काय ते."

सासूने, हौसाबाईने, कपाळावर हात मारून घेतला.

पुनवेला भर दुपारी साहेब आले तेव्हा अख्खा कोळीवाडा जमलेला होता. आधी खड्ड्याच्या भिंती पाझरल्या, मग खाडीच आत शिरली आणि तिच्यासोबत बोय मासेही आले. सगुणाच्या नवऱ्याला, सहदेवला, राहवेना. त्याने तिथल्या तिथे जाळं टाकलं. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. सरकारी खड्ड्यातली मासळी साहेबांनीही भाकरीबरोबर चापून खाल्ली.

जेवताजेवता त्यांनी कबूल केलं की लाइन आता वरूनच न्यावी लागेल. सगुणाने हातातला घास ताटात परत ठेवला. मग त्यांनी तिला विचारलं, वर्षातलं सगळ्यात मोठं पाणी कुठवर येतं? एकदा खरं बोलून बसल्यावर आता खोटं काय बोलायचं? नारळी पुनवेला पाणी जिथवर चढतं तिथवर ती त्यांना चालवत घेऊन गेली. खळं ओलांडलं, देवळाची पायरी ओलांडली, थेट डांबरी रस्त्याची कड आली.

"मग रूळ ह्याच्या पलीकडेच," दौलतराव म्हणाले. "रस्त्याला लागून."

सगुणाने मागे वळून पाहिलं. खळं अलीकडे राहिलं होतं. पावसाळ्यात तिथे पाणी येई खरं, पण पावसाळ्यात जवळा सुकवतो कोण? तिला इतका आनंद झाला की साहेबांसमोरच ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

परतताना साहेब खळ्यातली लाल खुंटी उपटायला वाकले. तिने त्यांना थांबवलं.

"ऱ्हाऊं द्या ती," ती म्हणाली. "जाल्याची दोरी बांधाया बरी हाय."